नाकाचे हाड खरेच वाढते का?

नाक चोंदण्याची तक्रार घेऊन येणारा रुग्ण बहुधा निदान घरूनच करून येतो. मागच्या पावसाळ्यात शिवणकाम करणारे एक काका आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नाकाचं हाड वाढलंय. एकदाचं कापून टाका." रात्री नाक बंद, तोंडाने श्वास, सकाळी घसा कोरडा, आणि घोरण्याला कंटाळून काकू बाहेरच्या खोलीत झोपू लागलेल्या. खिशात नाकात घालायच्या थेंबांची बाटली होती. "ही कधीपासून?" म्हणून विचारले, तर म्हणाले, "दोन वर्षं झाली. घातली नाही तर झोपच येत नाही."

काकांकडे पुन्हा येऊ. आधी हे 'हाड' म्हणजे काय ते पाहू.

दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक उभा पडदा असतो. त्याचा पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या वरच्या भागासारखा लवचीक, आणि मागचा भाग हाडाचा. हा पडदा सहसा वाढलेला नसतो, वाकलेला असतो. कधी त्याच्या एका बाजूला काट्यासारखा उंचवटा येतो. काहींचा तो जन्मतः वाकडा असतो, काहींचा लहानपणी पडल्याने वाकतो. अगदी ओळंब्यात असलेला पडदा मी क्वचितच पाहतो. त्यामुळे तपासताना पडदा वाकडा दिसला म्हणजे शस्त्रक्रिया हवीच, असे नाही.

नाकाच्या बाहेरच्या भिंतींवर मांसल गाद्यांसारखे उंचवटे असतात. आत येणारी हवा उबदार आणि ओलसर करणे हे त्यांचे काम. त्यांत रक्त भरले की ते फुगतात. निरोगी माणसातही दर काही तासांनी एका बाजूची गादी फुगते आणि दुसऱ्या बाजूची ओसरते. कुशीवर झोपल्यावर खालची नाकपुडी बंद होते, तीही याचमुळे. आलटून पालटून नाक बंद होत असेल तर दोष केवळ पडद्याचा नसतो. ॲलर्जी, धूळ, तंबाखूचा धूर यांचाही विचार करावा लागतो.

आता ती बाटली. हे थेंब गादीतल्या रक्तवाहिन्या आकसवतात आणि पाच मिनिटांत नाक मोकळे होते. पण आठवड्याहून जास्त दिवस वापरले की औषधाचा असर उतरताच गादी पूर्वीपेक्षा जास्त फुगते, म्हणून पुन्हा थेंब, पुन्हा फुगणे. काकांचा पडदा थोडा वाकडा होता, पण खरा आजार बाटलीत होता. मी थेंब बंद करून स्टेरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे सुरू केले. (हा फवारा मधल्या पडद्यावर मारू नये, नळी बाहेरच्या बाजूला वळवावी. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरला की हे आपोआप जमते.) पहिले आठ-दहा दिवस काकांनी मला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या असतील. दीड महिन्याने शस्त्रक्रियेची गरज उरली नव्हती.

मग शस्त्रक्रिया कोणाला? बारा महिने एकच बाजू बंद असते, महिना-दीड महिना नीट औषधे घेऊनही फरक पडत नाही आणि तपासणीत त्याच बाजूला पडदा अडलेला दिसतो, अशांना तिचा चांगला उपयोग होतो. ॲलर्जीच्या शिंका आणि पाणी मात्र तिने थांबत नाही. घोरणे थांबेल असे वचनही मी देत नाही. झोपेत श्वास अडखळत असेल तर त्याची तपासणी वेगळी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीअर आणि किलियन यांनी पडद्याचा वाकडा भाग काढून टाकण्याची रीत रूढ केली. फार काढले की नाकाचा आधार जाई. आता शक्य तेवढी कूर्चा राखून ती सरळ करतात, आणि पुढचा व वरचा सुमारे एक सेंटिमीटरचा पट्टा आधारासाठी ठेवतात. काप नाकाच्या आतून असतो, चेहऱ्यावर व्रण येत नाही. बहुधा पूर्ण भूल देतात. तासाभराचे काम असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे, स्वतःहून बंद करू नये.

नंतर एक-दोन दिवस नाकात बोळे ठेवले तर तोंडानेच श्वास घ्यावा लागतो, डोळ्यांतून पाणी येते. बोळे निघाल्यावरही सूज आणि खपल्यांमुळे दोनेक आठवडे नाक पूर्वीपेक्षा जास्त बंद वाटते. नेमके तेव्हाच रुग्ण म्हणतात, "फुकट कापून घेतलं." या काळात नाक जोराने शिंकरू नये, जड उचलू नये, खपल्या बोटाने काढू नयेत. रक्तस्राव, पडद्याला भोक पडणे, थोडा वाकडेपणा उरणे हे धोके कमी आहेत, पण आहेत. सही करण्यापूर्वी ते विचारून घ्यावेत.

लहान मुलांत ही शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलतात, कारण नाक अजून वाढत असते. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आधी आत चिंचोका, मणी किंवा घड्याळाचा बटण सेल अडकला आहे का ते पाहावे लागते. सेल असेल तर तासांचा हिशेब असतो. मोठ्या माणसाची एकच बाजू नव्याने बंद होऊन रक्त येऊ लागले, तर घरगुती उपाय करत बसू नये.

आणि नाकावरचा मार. काही वर्षांपूर्वी कबड्डीत कोपर लागलेला चौदा वर्षांचा मुलगा पाचव्या दिवशी माझ्याकडे आला. बाहेरून हळदीचा लेप होता, रक्त थांबले होते, म्हणून घरचे निर्धास्त. आत मात्र पडद्यावर दोन्ही बाजूंना मऊ फुगा होता. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या आवरणातून तिचे पोषण होते. मध्ये रक्त साठले की ती उपाशी राहते आणि पू झाला तर विरघळते. त्याच दिवशी रक्त काढले असते तर नाक वाचले असते. आम्ही पू काढला, ताप उतरला, पण वर्षभरात नाकाचा दांडा मधोमध खचला. मार लागल्यानंतर दोन्ही नाकपुड्या बंद होऊन ठणका वाढत गेला, तर त्याच दिवशी दाखवावे. तो मुलगा आता कॉलेजात आहे. बरगडीची कूर्चा बसवून नाक उचलण्याची शस्त्रक्रिया येत्या सुटीत करायची ठरली आहे.