पुडीपायी शुगरची गोळी सोडू नका

उमरग्याच्या आठवडी बाजारातून आमच्या दाजींनी शुगरच्या काढ्याची पुडी आणली. मेथी, जांभळाच्या बिया, गुळवेल, वाळलेलं कारलं. विकणाऱ्यानं सांगितलं, शुगर मुळापासून जाईल, गोळीची गरज नाही. दाजींनी गोळी बंद केली. पहाटे काढा उकळायचा, आणि कडू घोट घशाखाली उतरत नाही म्हणून वर गुळाचा खडा! गुळानंही शुगर चढते, हे आपल्याकडे अजून कित्येकांना पटत नाही.

तहान वाढली, रात्री चार-चारदा उठणं आलं. घरात सगळ्यांनी उन्हाळ्यावर ढकललं. चपलेनं अंगठ्याला फोड आला होता. पायाला मुंग्या येऊन बधिरपणा आलेला, त्यामुळं फोड दुखलाच नाही. अक्कानं मोज्याला लागलेला पू पाहिला, तेव्हा दवाखाना गाठला. शुगर चारशेच्या पुढं. अंगठा वाचला, पण सोलापूरच्या खेपा सरता सरेनात.

माझा काढ्याशी वाद नाही. मेथीतल्या तंतूंमुळं जेवणानंतरची साखर थोडी सावकाश चढते. मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा नावाच्या वनस्पतीतच आहे. पण गोळीत 500 मिलिग्रॅम म्हणजे 500च असतं. पुडीत काय नि किती, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. काही चूर्णांत तर शुगरच्या ॲलोपॅथी गोळ्याच कुटून घातलेल्या सापडल्या आहेत. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954च्या कायद्यानं बंदी आहे, तरी बाजारात आरोळ्या चालूच.

गोळी आणि काढा दोन्ही घेणाऱ्यांची शुगर एकदम उतरूही शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्या. काढ्यातल्या गुळवेलीबद्दलही 2021मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही. तरी यकृताचा त्रास असलेल्यानं ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी चुकवू नका. रात्री निजताना तळपाय उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. आणि काढा घेतच असाल तर पुडी पिशवीत टाकून दवाखान्यात न्या, डॉक्टरांपुढं ठेवा. रागावतील म्हणून लपवू नका. गोळीचा डोस ठरवताना त्यांना ते कळायलाच हवं.