लष्करी अळीचा मार्ग आणि आमगावच्या मक्याची निगराणी

धानाची कापणी व मळणी आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या की, आमगाव तालुक्यातील ज्या शेतकऱ्यांपाशी विहिरीचे, बोडीचे किंवा कालव्याचे पाणी शिल्लक असते, त्यांपैकी जे यंदा रब्बीत मक्याचा पेरा करण्याची तजवीज करीत असतील, त्यांनी बियाण्याची जुळवाजुळव करण्यापूर्वीच अमेरिकन लष्करी अळीच्या प्रवासाचा वृत्तांत ध्यानी घ्यावा. कारण ही कीड कोठून, केव्हा व किती वेगाने येते हे ज्याला उमगले, त्याच्या पिकाचे रक्षण तर होतेच, शिवाय व्यर्थ फवारणीचा खर्चही वाचतो.

मूळची अमेरिका खंडातील ही कीड २०१६ साली पश्चिम आफ्रिकेत आढळली, मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे मक्यावर तिची नोंद झाली, त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यात पोचली, आणि २०१९ च्या आरंभी चीनचा युन्नान प्रांत व २०२० च्या आरंभी ऑस्ट्रेलिया तिने गाठले. मे २०२० च्या अखेरीस अमरावती व नागपूरवरून भंडारा जिल्ह्यापर्यंत आलेली टोळधाड दिवसाढवळ्या साऱ्यांना दिसली आणि ठिकठिकाणी तिची खबर आगाऊ देता आली. परंतु लष्करी अळीचा पतंग रात्री उडतो, अनुकूल वारा मिळाल्यास एका रात्रीत सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर तोडतो, आणि बालाघाटची किंवा छत्तीसगडची सरहद्द त्याने केव्हा ओलांडली याचा कोणास पत्ताही लागत नाही.

अशा अदृश्य संचाराचा अंदाज बांधण्यासाठी शास्त्रज्ञ गणिती प्रारूपे रचतात, आणि त्यांत तीन प्रश्नांची उत्तरे शोधली जातात: या प्रदेशाचे हवामान किडीस मानवते काय, वारा व मालवाहतूक तिला कोणत्या दिशेने नेतात, आणि येथील तापमानात तिची एक पिढी किती दिवसांत पूर्ण होते. पहिल्या प्रश्नाच्या आधारे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दक्षिण व आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया हे प्रदेश तिला अनुकूल असल्याचे दाखविले होते, आणि पुढील दोन वर्षांत ते अनुमान खरे ठरले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर आपल्या थेट उपयोगाचे आहे. सुमारे साडेबारा अंशांखाली या किडीची वाढ खुंटते. १८ अंश तापमानात अंड्यापासून पतंग होण्यास जवळजवळ ७१ दिवस लागतात, तर ३२ अंशांत अवघे २० दिवस पुरतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जी पाहणी आठवड्यातून एकदा केली तरी चालते, ती फेब्रुवारीचे ऊन चढू लागताच आठवड्यातून दोनदा करणे अगत्याचे ठरते.

मात्र प्रारूप कितीही सूक्ष्म असले, तरी त्याचा आधार शेतातून आलेली नोंद हाच असतो, आणि या नोंदीत शून्यालाही मोल आहे, ही गोष्ट मला आग्रहाने सांगावयाची आहे. कीड सापडलेल्या शेतांचीच खबर दप्तरी गेली, तर उरलेल्या शिवारात कीड नव्हती की कोणी पाहिलेच नव्हते, हे नकाशा करणाऱ्यास कळत नाही. म्हणून "आज सापळ्यात एकही पतंग नाही" ही नोंदसुद्धा तारखेसह लिहून ठेवावी. २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यात केलेल्या हानीनंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप ही कीड-सर्वेक्षण योजना अमलात आली, तिच्या मुळाशी नियमित नोंदीचेच तत्त्व आहे.

यास्तव पुढील क्रम पाळावा. पेरणीपूर्वी खोल नांगरट करून मातीतील कोष उन्हात व पक्ष्यांच्या दृष्टीस येऊ द्यावेत. उगवणीबरोबर एकरी पाच कामगंध सापळे लावावेत. शेतात पाच ठिकाणी प्रत्येकी वीस झाडे पाहावीत. शंभरांपैकी जितकी झाडे पोखरलेली, तितके टक्के प्रादुर्भाव. पानांवरील कागदासारखे पांढरे चट्टे, पोंग्यातील भुशासारखी विष्ठा, अळीच्या डोक्यावरील उलट्या वाय अक्षराची खूण आणि शेपटीकडील चौकोनात बसलेले चार काळे ठिपके, ही तिची ओळख होय. अंडीपुंज दिसताच वेचून नष्ट करावेत. प्रादुर्भाव पाच टक्क्यांच्या आसपास असता पाच टक्के निंबोळी अर्क पोंग्यात पडेल असा फवारावा. तो दहा टक्क्यांवर गेला तरच इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, दहा लिटर पाण्यात ४ ग्रॅम, या प्रमाणात वापरावे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे स्मरून हातमोजे व मुखपट्टी यांवाचून कोणीही पंप पाठीवर घेऊ नये, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.

नोंदवही दर आठवड्यास सहायक कृषी अधिकाऱ्यास दाखवावी, आणि शंका असल्यास हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्रात अळीचा नमुना न्यावा. शेजारच्या गावाने लिहिलेली एक ओळ आपल्याला चार दिवस आधी सावध करू शकते, आणि आपण लिहिलेली ओळ सालेकसा किंवा देवरीच्या शेतकऱ्यास. तेव्हा हे काम प्रत्येकाने स्वतःच्या पिकाइतक्याच आस्थेने, पेरणीच्या दिवसापासूनच सुरू करावे.