अक्षरांतून शब्द : इंग्रजी लेखनाचा एक अभ्यास

इंग्रजीच्या वह्या तपासताना एकदा आमच्या हाती पाचवीतील एका मुलाची वही आली. पृथ्वी या अर्थाचा ‘अर्थ’ हा इंग्रजी शब्द त्याने ए-आर-टी-एच असा लिहिला होता आणि हृदय या अर्थाचा ‘हार्ट’ एच-ए-आर-टी असा. आम्ही दोन्हींवर लाल फुली मारली. काही दिवसांनी ध्यानात आले की, श्रुतलेखनाच्या तासाला तो मुलगा आता काहीच लिहीत नाही. चुकण्यापेक्षा कोरे पान बरे, असे त्याने मनाशी ठरवले होते.

वस्तुतः त्याने जे ऐकले तेच लिहिले होते. देवनागरीच्या न्यायाने त्याचे लेखन बरोबरच होते. मराठीत बहुतांशी कान सांगतो ते हात लिहितो. इंग्रजीत मात्र कानावर विसंबून चालत नाही. तेथे डोळ्याला शब्दाची ओळख पटावी लागते. ही गोष्ट त्याला न सांगता आम्ही फुली मारली, हा दोष आमचा. तो निस्तरण्यासाठी वसतिगृहातील सायंकाळच्या अभ्यासवेळेत आम्ही एक उपक्रम सुरू केला : दिलेल्या अक्षरांतून शब्द शोधणे. त्याची रीत येथे मांडीत आहोत.

फळ्यावर ‘टीचर’ हा शब्द लिहावा : टी-ई-ए-सी-एच-ई-आर. अक्षरे सात. नियम एकच : जे अक्षर जितक्या वेळा दिले आहे, तितक्याच वेळा वापरावे. येथे ई दोनदा आहे, म्हणून टी-आर-ई-ई, म्हणजे झाड, हा शब्द चालतो. टी एकदाच आहे, म्हणून टी-आर-ई-ए-टी हा शब्द चालत नाही.

पहिली पायरी, स्वर व व्यंजने वेगळी करणे. एका बाजूस ई, ए, ई. दुसऱ्या बाजूस टी, सी, एच, आर. बहुतेक इंग्रजी शब्दांना निदान एक स्वर लागतो, म्हणून स्वर मध्ये ठेवून दोन्ही बाजूंस व्यंजने लावून पाहावीत. सी-ए-टी, एच-ए-टी, ए-आर-टी असे लहान शब्द लगेच हाती येतात.

दुसरी पायरी, नित्य एकत्र येणाऱ्या जोड्या ओळखणे. सी-एच ही जोडी धरली की ई-ए-सी-एच, आर-ई-ए-सी-एच, टी-ई-ए-सी-एच हे शब्द एकामागून एक निघतात. टी-एच धरली की टी-एच-ई-आर-ई आणि टी-एच-आर-ई-ई मिळतात. अक्षरे आंधळेपणाने उलटसुलट करण्यापेक्षा जोडीचा हात धरून चालणे केव्हाही श्रेयस्कर.

तिसरी पायरी, मिळालेल्या शब्दाची अक्षरे फिरवणे. टी-ई-ए म्हणजे चहा. तीच अक्षरे फिरवली की ई-ए-टी म्हणजे खाणे आणि ए-टी-ई म्हणजे खाल्ले. सी-ए-आर-ई म्हणजे काळजी, तर आर-ए-सी-ई म्हणजे शर्यत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ई-ए-आर म्हणजे कान, उच्चार ‘इअर’. त्याआधी एच लावला की ‘हिअर’, म्हणजे ऐकणे. त्यापुढे टी लावला की ‘हार्ट’. एच पुढून काढून टीच्या मागे नेला की ‘अर्थ’. चारही शब्दांत ई-ए-आर ही तीन अक्षरे त्याच क्रमाने उभी आहेत. उच्चार मात्र एकसारखा राहिलेला नाही. कानाला ही भावंडे परकी वाटतात, डोळ्याला ती एका घरची दिसतात. ज्या मुलाने हे चार शब्द स्वतः शोधून काढले, त्याला ते पाठ करावे लागत नाहीत.

सातही अक्षरे वापरून आणखी एक ओळखीचा शब्द होतो : एच-ई-सी-टी-ए-आर-ई, म्हणजे हेक्टर. सातबाऱ्यावर जमिनीचे माप ज्या हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते, तोच हा हेक्टर. आणि त्याच्या शेवटच्या तीन अक्षरांत, ए-आर-ईमध्ये, तो आरही आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना हा शब्द दाखवला, तेव्हा इंग्रजी आपल्याही घरात आहे, असे त्यांना प्रथमच वाटले.

अक्षरांचे असे निरीक्षण थोरामोठ्यांनीही केले आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकातील मंदीत काम गमावलेले वास्तुशिल्पी आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून शब्दांचा एक खेळ रचला. १९४८ पासून तो ‘स्क्रॅबल’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांत ई १२ वेळा येते व तिला एकच गुण आहे. क्यू आणि झेड एकेकदाच येतात व त्यांना प्रत्येकी १० गुण आहेत. यावरून कोणत्या अक्षरांकडे आधी पाहावे, हे विद्यार्थ्याने जाणावे.

शब्दकोशात शब्द पहिल्या अक्षराने लावलेले असतात, म्हणून एकाच अक्षरसंचातील शब्द तेथे दूरदूर विखुरतात. त्यांना एकत्र आणण्यासाठी प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावून वहीत त्याखाली शब्द नोंदवावेत. उदाहरणार्थ, ई-आय-एल-एन-एस-टी असा मथळा द्यावा. त्याखाली ‘लिसन’, म्हणजे लक्षपूर्वक ऐकणे, आणि ‘सायलेंट’, म्हणजे निःशब्द, हे दोन्ही येतात. ‘लिसन’मधील टी कानाला ऐकू येत नाही, ‘सायलेंट’मधील येते, डोळ्याला मात्र ती दोन्हीकडे दिसते.

याच मथळ्याखाली सहाही अक्षरांचे आणखी दोन शब्द तरी बसतात. ते वाचकांनी स्वतः शोधावेत. चूक झाली तर खोडावे आणि पुन्हा लिहावे. पान मात्र कोरे ठेवू नये.