पायाखाली तीन पायडले

आमच्या रात्रीच्या वर्गात ढाणकीचे एक भाऊ येतात. त्यांना नुकताच गाडी चालवण्याचा परवाना मिळाला. पूर्वी मालवाहू गाडीच्या परवान्याला आठवी पासची अट होती. ती अट २०१९ साली निघाली. म्हणून भाऊंना आशा वाटली. गावातल्या एका मालकाने त्यांना आपल्या छोट्या मालगाडीवर ठेवले.

एका रात्री भाऊ आले, ते तोंड उतरवून. म्हणाले, "कापूस भरला होता. चढावर गुरं आडवी आली. मी गाडी तिथंच धरून ठेवली. थोड्या वेळानं जळका वास आला, मग धूर. मालक म्हणते, क्लच तूच जाळला, आता पैसे तूच भर. गुरुजी, लोखंड कसं काय जळते?"

किती दिवसांची मजुरी गेली, ते आम्ही विचारले नाही. धडा बाजूला ठेवला आणि त्या रात्री पायांवरच बोललो.

गाडीत पायाखाली तीन पायडले असतात. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे रेस. क्लच डाव्या पायाचा. ब्रेक आणि रेस, दोन्ही उजव्या पायाची. एका पायाला दोन कामे का? कारण पळणे आणि थांबणे ही कामे एकाच वेळी करायची नसतात. दोन पाय वापरले, तर घाबरलेला माणूस दोन्ही पायडले दाबून बसतो.

आता क्लच म्हणजे काय? जुन्या इंजिनवरची पिठाची गिरणी आठवा. इंजिन चालूच असे. पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला की दळण थांबे. पुन्हा जागेवर आणला की दळण सुरू. क्लचचे काम असेच आहे. पायडल दाबले की इंजिन आणि चाके यांची फारकत होते. सोडले की दोघे जोडले जातात. जोडणारी वस्तू म्हणजे क्लचप्लेट. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत थर असतो. स्प्रिंगच्या जोराने ती इंजिनच्या चाकाला घट्ट चिकटून फिरते.

तुमचे दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबा. काही होत नाही. आता थोडे सैल करून जोराने घासा. पाहा, कसे गरम झाले! क्लच अर्धा दाबून ठेवला की प्लेट अशीच घासत राहते. भाऊंनी तेच केले. मागे कापसाचे ओझे, समोर चढ, इंजिनाला रेस, आणि पाय अर्ध्या क्लचवर. लोखंड जळाले नाही. प्लेटवरचा थर जळाला.

मग चढावर थांबायचे कसे? ब्रेक दाबून गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा. गिअर न्यूट्रलमध्ये आणा. गाडी जागेवर राहते ना, ते पाहा आणि मगच पाय उचला. निघताना क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर घाला. क्लच हळूहळू सोडा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, गाडी थरथरते. तिथे पाय क्षणभर थांबवा, थोडी रेस द्या आणि हँडब्रेक सोडा. गाडी पुढे सरकली की क्लच पूर्ण सोडा. ही गोष्ट रिकाम्या गाडीवर, सपाट जागी आधी शिकावी. ओझे भरून चढावर शिकू नये.

गिअर बदलून झाला की डावा पाय क्लचवरून काढा आणि बाजूला जमिनीवर टेकवा. पुष्कळ चालक पाय तसाच वर ठेवतात, त्यांना ते आरामाचे वाटते. पण पायाचे वजनही प्लेटला थोडे सैल करते.

सीट अशी सरकवा, की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा जरा वाकलेला राहील. पायडल चवड्याने दाबा. उजवी टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवा. तिथून चवडा उजवीकडे वळवला की रेस, सरळ आणला की ब्रेक. जोराचा ब्रेक लावताना मात्र पाय पूर्ण उचलून दाबा. खाली पाहू नका.

हे का महत्त्वाचे? ताशी ४० किलोमीटरने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. पाय पायडल शोधत बसला, तर तेवढ्यात समोरच्या बैलगाडीशी गाठ पडेल.

थांबताना नवशिके आधी क्लच दाबतात. ही चूक आहे. क्लचने गाडी थांबत नाही, उलट मोकळी सुटते. आधी ब्रेक, गाडी अगदी मंदावली, की क्लच. पुसदच्या बाजूला डोंगर आहेत. तिथे उतारावर डिझेल वाचवायला कोणी गाडी न्यूट्रल करतात, कोणी इंजिनच बंद करतात. तसे करू नका. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला आवरते. नुसत्या ब्रेकवर उतरले की ब्रेक तापतात आणि धरत नाहीत. इंजिन बंद असले, तर ब्रेकचे पायडल दगडासारखे होते.

आणखी एक. मागे पट्टा नसलेली चप्पल पायडलात अडकते. काळ्या मातीचा चिखल लागलेला पाय घसरतो. पाय पुसून बसा. पट्ट्याची सँडल किंवा पातळ तळाचा बूट बरा. काढलेली चप्पल आणि पाण्याची बाटली पायाशी ठेवू नका. बाटली घरंगळत ब्रेकखाली गेली, की ब्रेक दबतच नाही.

परवा आम्ही बाजाराच्या बाजूने येत होतो. भाऊंची गाडी झाडाखाली उभी होती. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. भाऊ डोळे मिटून बसले होते. आम्हाला वाटले, डुलकी लागली. जवळ गेलो तर पुटपुटत होते, "रेस, ब्रेक. रेस, ब्रेक." उजवा पाय त्याप्रमाणे हलत होता. डावा जमिनीवर होता.