नवकंकरीचा पट

अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्डा हे गाव आहे. मार्च १७९५ मध्ये येथे मराठे व निजाम यांची लढाई झाली. माघार घेऊन निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय केला. परंतु मराठ्यांनी किल्ल्यास वेढा घातला आणि अखेर निजामाला तह करावा लागला. ज्याच्या सर्व वाटा अडल्या तो हरला, हाच न्याय नवकंकरी या आपल्या जुन्या बैठ्या खेळातही आहे.

नवकंकरीच्या पटावर एकात एक असे तीन चौकोन असतात आणि त्यांच्या बाजूंचे मध्य रेषांनी जोडलेले असतात. कोपरे व मध्य मिळून २४ घरे होतात. दोन्ही खेळाडूंजवळ नऊ नऊ कंकऱ्या असतात. त्या आळीपाळीने घरांत ठेवावयाच्या व सर्व ठेवून झाल्यावर रेषेने लगतच्या मोकळ्या घरात सरकवावयाच्या. एका रेषेत आपल्या तीन कंकऱ्या आल्या, की प्रतिपक्षाची एक उचलता येते. ज्याच्या दोनच कंकऱ्या उरतात किंवा ज्याला चालच उरत नाही, तो हरतो.

पूर्वी असे पट देवळांच्या व लेण्यांच्या फरशीवर छिन्नीने कोरीत. आज हाच पट संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या यंत्रावर लाकडात कोरता येतो. आकड्यांच्या आज्ञेने चालणारे असे कापयंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली दाखविण्यात आले. त्या वेळी आज्ञा भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून दिल्या जात. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. तेथे २००२ साली एमआयटीच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ ही कार्यशाळा उभी राहिली. अशा ठिकाणी खेड्यातील मुलेही या यंत्रांशी परिचित होतात.

हे यंत्र चित्र पाहत नाही. ते अंक वाचते. ३०० मिलिमीटर बाजूची चौरस फळी घेऊन तिच्या मध्यबिंदूपासून मोजावयास आरंभ केला, तर ०, ४०, ८० व १२० एवढ्या चार आकड्यांत सर्व २४ घरांची स्थाने सांगता येतात. डावीउजवीकडे, मागेपुढे आणि खाली किती सरकावयाचे, एवढेच यंत्रास कळवावे लागते. मग फिरते पाते लाकडात उतरते आणि थोड्या थोड्या खोलीने खाच पाडीत जाते.

येथेच खरी परीक्षा असते. पात्यालाही जाडी आहे. ६ मिलिमीटर जाडीचे पाते फळीच्या कडेच्या रेषेवरूनच फिरविले, तर दोन्ही बाजूंनी ३ मिलिमीटर लाकूड जाऊन फळी २९४ मिलिमीटरचीच उरेल. म्हणून पात्याचा मार्ग रेषेच्या बाहेर ३ मिलिमीटर धरावा लागतो. १० मिलिमीटर जाडीची कंकरी १० मिलिमीटरच्या भोकात सहज बसत नाही. भोक किंचित मोठे ठेवावे लागते. पावसाळ्यात लाकूड फुगते, तेही ध्यानात घ्यावे लागते. म्हणून जाणता कारागीर प्रथम टाकाऊ तुकड्यावर एक भोक पाडून पाहतो. यंत्राला चूक कळत नाही. आकडा चुकला, तर ते शंभर पट त्याच चुकीने इमानाने कापून ठेवील.

अशी यंत्रे आल्यावर सुताराचे कसब संपले, असे कोणास वाटेल. परंतु कंकऱ्या ठेवण्याची चौकोनी डबी कोरावयास घ्या. पाते गोल असल्यामुळे आतील कोपरे गोलच राहतात. ते पटाशीनेच काटकोनात आणावे लागतात. कोणते लाकूड फाटेल, रेषा कोणत्या दिशेने गेली आहे, फळी शिकंज्यात किती आवळावी, हे हाताच्या अनुभवानेच कळते. ज्याने रंधा व पटाशी चालविली आहे, त्याला हे यंत्र लवकर वश होते. आणि ज्याला मोजमाप येत नाही, त्याच्यापुढे ते केवळ लाकडाचा भुसा पाडीत राहते.