कुरळ्या केसांचा गुंता

गेल्या आठवड्यात एक आई आठ वर्षांच्या मुलीला दवाखान्यात घेऊन आली. कपाळावरचे केस विरळ झाले होते. केस दाट, कुरळे. रोज सकाळी शाळेच्या घाईत ते कोरडेच फणीने वरून खाली ओढायचे आणि घट्ट वेण्या घालायच्या, असा क्रम. पोर रोज रडायची. आईला टॉनिक हवे होते. मी ते दिले नाही. सततच्या ओढीने मुळे दुखावतात. वेळीच थांबल्यास केस परत येतात. वर्षानुवर्षे ओढत राहिल्यास मात्र कायमचे जाऊ शकतात.

डोक्यावरचे नैसर्गिक तेल कुरळ्या केसांच्या वळणांतून टोकापर्यंत नीट उतरत नाही. म्हणून टोके कोरडी राहतात आणि गुंततात. असे केस किंचित ओलसर असताना थोडे खोबरेल किंवा कंडिशनर लावावे. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकाचा गुंता सोडवावा, मग थोडे थोडे वर सरकावे. गाठीच्या वरची बट दुसऱ्या हाताने धरावी, म्हणजे मुळाला हिसका बसत नाही. हट्टी गाठ बोटांनीच सोडवावी. केस पंचाने खसाखसा पुसू नयेत, टिपावेत. फणी उवांपुरतीच ठेवा.

वेणी सैल घातली तरी शाळा चालते, हे त्या आईला पटवायला मला औषध लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. तीन महिन्यांनी मुलीला पुन्हा बोलावले आहे.