होडीचे इंजिन पाण्यात बुडाल्यास

गोव्याच्या किनाऱ्यावरील लहान होड्यांच्या मागे बसविलेले इंजिन आता मच्छीमार बांधवांच्या नित्य परिचयाचे झाले आहे. लाटेने होडी उलटली की ते खाऱ्या पाण्यात जाते. बाहेर काढताच दोरी ओढून ते चालू करण्याचा मोह होतो. पण मोठे नुकसान होते ते याच वेळी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये साचलेल्या पाण्यावर दट्ट्या आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून पुढील क्रम पाळावा :

१. झाकण काढून इंजिन गोड्या पाण्याने धुवावे. विडी-काडी दूर ठेवावी.

२. स्पार्क प्लग काढून छिद्रे खाली येतील असे इंजिन आडवे करावे व फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून पाणी काढावे. ते अडखळल्यास किंवा वाळूची करकर जाणवल्यास जोर न करता कारागिराकडे न्यावे.

३. कार्बुरेटर व टाकीतील इंधन काढून ताजे भरावे.

४. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून फ्लायव्हील पुन्हा फिरवावे. फोर-स्ट्रोक इंजिनातील तेल दुधाळ दिसल्यास बदलावे.

५. कोरडे प्लग बसवून इंजिन पाण्याच्या पिंपात निदान अर्धा तास चालवावे.

हे सर्व काही तासांतच उरकावे. ते शक्य नसल्यास इंजिन उन्हात वाळत ठेवू नये. मीठ व हवा यांच्या संयोगाने गंज झपाट्याने चढतो. धुतलेले इंजिन कारागीर मिळेपर्यंत गोड्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवणे हाच सुरक्षित उपाय होय.